बेहड्यातली बाळंतीण

प्रिय आत्या,

आज सकाळी मी एक फोटो काढला आणि काही विचार न करता फोनवर तुमचं नाव उघडलं. मग हात थांबला. तुम्ही जाऊन सात महिने झाले. शिवाय फोटो पाठवायच्या त्या तुम्ही! मी एवढ्या वर्षांत तुम्हाला एक तरी पाठवला होता का? आज पहिल्यांदा माझ्याकडे तुम्हाला दाखवण्यासारखं काहीतरी आहे, तर बघायला तुम्ही नाही. तेव्हा लिहूनच सांगते. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं हे मी विसरलेले नाही. पण एवढं सगळं मनात ठेवून उद्या मशीनवर बसले, तर कुणाच्या तरी ब्लाऊजची बाही उलटी लागेल.

तुमचा फोन तुमच्या धाकट्या लेकाने, विलासभावजींनी, मुंबईहून पाठवला होता. तुम्हाला नातवंडांशी बोलता यावं म्हणून. आठ दिवस बोललात. मग कुणीतरी फोटोचं बटण दाखवलं आणि नातवंडं मागे पडली! पोलादपूरच्या डोंगरावरच्या आपल्या वाडीतून महाडला माझ्या शिवणाच्या दुकानात रोज दहा-पंधरा फोटो येऊन पडायला लागले. सरडा. सरड्याची नुसती शेपटी. जास्वंदीवर काहीतरी हललेलं. कधीकधी तर तुमचाच अंगठा. नाव वाचता येत नसलं तरी चेहरा ओळखून तुम्ही बरोबर मलाच पाठवायच्या, आणि मागोमाग तुमचा आवाज यायचा, "सुरेखा, बघ गो, परसात कोण आलाय!"

मी बघत नव्हते, आत्या. खरं तेच लिहिते. एका हातात टेप, तोंडात टाचण्या, समोर बाई उभी, आणि फोन आपला वाजतोय. तो भरला की मी सगळं एकदम पुसून टाकायचे. फोटो पुसले आणि तुमचा आवाजही पुसला. आता एकही उरलेला नाही.

एकदा माघात तुम्ही सांगितलं होतं, "बेहड्यात बाळंतीण बसली हाय. नवरा दिसभर खायला आणतोय तिला." मी ते दुकानातल्या बायकांना ऐकवलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. एकट्या राहून तुम्ही भुताखेतांचं काही मनात घेतलंय असं मला वाटलं. रात्री यांना म्हणालेसुद्धा, "तुमच्या आईला खाली घेऊन या, डोक्यावर परिणाम होतोय." ह्याची माफी आज मागते.

पण राग तुमच्यावरही आहे बरं का! छातीत कळ येते हे तुम्ही आम्हाला सांगितलं कधी? कळ सुरू होऊन दोन महिने झाल्यावर. सरड्यासाठी तासभर उन्हात बसायला तुम्हाला वेळ होता, आणि महाडच्या दवाखान्यात चला म्हटलं की "येळ नाय गो". कुठे जायचं होतं एवढं?

असो. शिमग्याचं सांगते.

शिमग्याला घर उघडायला मी एकटीच वर आले. यांना कारखान्यात रजा मिळाली नाही. कुलूप काढलं, केर काढला, देवाजवळ दिवा लावला. तेवढ्यात विलासभावजींचा फोन आला. घरात आवाज तुटतो, नीट नेटवर्क अजूनही फणसाखालीच मिळतं, म्हणून धावत तिकडे गेले.

"वहिनी, पावसाआधी पाया घालायचाय," ते म्हणाले. "स्लॅबचं घर बांधतोय. परसातला बेहडा आडवा येतो. पाडवा झाला की कटरवाला घेऊन येतो. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणाले.

इतकं सहज, आत्या! भाजीत मीठ किती घालू विचारावं आणि सांगावं तसं.

दुपारी जेवून मागच्या पायरीवर बसले. बेहड्याला एक पान नव्हतं. समोर लांब कशेडीच्या घाटात ट्रक चढत होते, एवढंच काय ते हलत होतं. आणि वरून आवाज आला. लोहाराच्या भात्यासारखा, फस फस, फस फस. एक भलामोठा काळापांढरा पक्षी येऊन बेहड्याच्या बुंध्याला चिकटून बसला. पिवळी चोच केवढी, तर माझ्या हाताच्या वितीएवढी, आणि तिच्यावर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग. आपण ज्याला गरुड म्हणतो आणि शाळेतली मुलं धनेश म्हणतात, तो! आकाशातून जाताना मी शंभर वेळा पाहिला असेल. असा घरच्यासारखा पंचवीस पावलांवर कधी नाही.

बुंध्याला एक ढोली होती, पण तिचं तोंड लिंपून टाकलेलं. मध्ये फक्त एक उभी फट. त्याने मान हलवली, घशातून एक उंबर वर काढलं आणि फटीत धरलं. आतून कुणीतरी ते ओढून घेतलं. मग दुसरं उंबर, मग तिसरं. मी सात मोजली.

"आला नव्हं तो?" मागून धाकूबाय म्हणाली. तुमची शेजारीण, तुमची जिवाची मैत्रीण. काठी टेकत येऊन ती माझ्याजवळ बसली. "बायकोला घास द्यायला आला. बाळंतीण हाय आत."

मी तिच्याकडे वळले. "बाळंतीण म्हणजे ही?"

"मंग कोण? तुझी सासू दरसाल सांगायची. माघात ती आत जाते, दार लिपून घेते, अंगावरची पिसं टाकते. आता उडायचं म्हटलं तरी तिला उडता नाय यायचं. पोर मोठं झालं की दार फोडून भायेर येते. तवर हा आणील तेवढंच खायाचं."

मी थेट फणसाखाली गेले.

"भावजी, झाड थांबवा. आत गरुडाची मादी आहे."

"वहिनी, पक्षी जाईल दुसरीकडे."

"तिला उडता येत नाही. झाड पडलं तर ती आतच मरेल, पिल्लांसकट."

मी फोनवर काढलेला फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हा डांबराचा डाग आहे का?" आणि मग पुन्हा फोन करून हसत म्हणाले, "आईचंच चाललंय तुमचं पण!"

त्यांना वाईट समजू नका. एका खोलीत चौघं राहतात ती. निदान म्हातारपणी तरी गावात स्वतःच्या घरात पाय पसरू, एवढंच त्यांचं म्हणणं. पाऊस लागला की वर सिमेंट चढत नाही आणि वर्ष जातं, हेही खरं. पण माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, मी विचारलं, "आत ती आहे हे मी दाखवलं तर?"

"दाखवा. मग बघू."

मी महाडला आले आणि नव्या शिलाई मशीनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून कॅमेरा घेतला. वापरलेला, पण लांबचं जवळ दाखवणारा. हे कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, लग्नसराईत दुकान बंद?" मी म्हटलं, "आठ दिवस," आणि पिशवी भरली. दोन नवऱ्यामुलींच्या आया अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचे ब्लाऊज मी वेळेवर दिले, तरीही!

पाडव्याच्या आदल्या दिवशी वर पोचले. पहिले दोन दिवस काय सांगू, अगदी तुमच्यासारखे फोटो आले. अंगठ्यासकट! सरडा दिसला की मी कॅमेरा घेऊन धावायचे, तो कुंपणात शिरायचा. खारीमागे धावले, ती आंब्यावर. तिसऱ्या दिवशी धाकूबाय वैतागली. "अगो, मागं काय धावतेस? तुझी सासू नाय धावायची. त्याच्या वाटंवर जाऊन बसायची, गप."

मग मी तुमचं जुनं मातकट लुगडं अंगाभोवती घेतलं आणि जास्वंदीशेजारी पाटावर बसले. अर्ध्या तासात परसच बदललं! तुम्हाला हे रोज दिसत होतं का? तोच सरडा चिऱ्यावर आला आणि बघता बघता मानेपर्यंत लालभडक झाला. दुसऱ्या सरड्यापुढे जोर काढायला लागला, पहिलवानासारखा. शेवग्याच्या वाळल्या फांदीत तांबट टुक टुक करत होता, आणि त्याचं भोक इतकं गोल, की मी वाटी ठेवून गळा कापते त्याहून सरस. कपडे वाळत घालायच्या तारेला शिंजिराने, त्या इवल्याशा पाखराने, घरटं टांगलं होतं. त्याचे फोटो मी घरी आल्यावर मोठे करून पाहिले. कोळ्याचं जाळं, वाळकी पानं, झाडाची साल, सगळं एकात एक ओवलेलं, आणि दारावर पाऊस आत येऊ नये म्हणून छोटी पडवीसुद्धा काढलेली. तीस वर्षं शिवतेय मी, आत्या. असं काम माझ्या हातून झालेलं नाही.

गरुडाचे फोटोही यायला लागले. येताना, बसताना, उंबर चोचीत धरलेला. धाकूबाय माझ्या आधी त्याला ओळखायची. मान खाली घालून तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "कॅमेरा धर, आला." आणि तो यायचाच. पण आतली मात्र दिसेना. फट काळीकुट्ट. चोचीचं टोक पापणी लवते ना लवते तोवर यायचं आणि जायचं. माझ्याकडे तीनशे फोटो जमले, आणि एकातही ती नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी जीपचा आवाज आला. विलासभावजी, कटरवाला आणि दोन माणसं. कटरवाल्याने मशीन खाली ठेवलं आणि दोर सोडायला घेतला.

भावजी पाया पडले. "काय वहिनी, दिसली का बाळंतीण?"

"नर दिसलाय. हे बघा."

त्यांनी फोटो नीट पाहिले. "छान आलेत. पण हा बाहेर बसलाय. आत कोणी आहे हे कशावरून?"

"उंबरं काय झाडाला भरवतोय तो?" मी चिडलेच. "भावजी, मला आजचा एक तास द्या. माझ्याबरोबर बसा. नाही दिसली तर मी मध्ये येणार नाही."

बोलून गेले खरी. आठ दिवसांत जी दिसली नाही, ती एका तासात दिसणार होती का? पण शब्द दिला होता. मी त्या तिघांना गोठ्यामागे बसवलं, बिडी ओढायची नाही म्हणून बजावलं, आणि भावजींना घेऊन गवताच्या उडवीमागे बसले. पँट मळेल म्हणून ते उकिडवे बसले होते. दहा मिनिटांनी मांडी घातली. अर्धा तास गेला. नर आला नाही. माणसांची चाहूल लागली असणार. भावजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी बेहड्यावरची नजर काढली नाही.

मग तो आला. लांब आंब्यावर बसून राहिला. पुन्हा उडाला, बुंध्यापाशी आला. मी कॅमेरा फटीवर धरला आणि या वेळी एक केलं, त्याच्याकडे बघितलंच नाही. फक्त फट. त्याने पहिलं उंबर धरलं, ते निसटून खाली पडलं. आणि ते धरायला तिने चोच बाहेर काढली! पूर्ण. नुसतं टोक नाही, चांगली लांब, आणि तिच्यामागे एक डोळा. मी बटण दाबलं, दाबलं, दाबतच राहिले.

कॅमेरा भावजींच्या हातात दिला. त्यांनी पडद्यावर बघितलं. मग झाडाकडे. मग पुन्हा पडद्यावर.

"किती दिवस आत आहे ही?"

"शिमग्याच्या आधीपासून."

"आईने मला हे कधी सांगितलं नाही," ते हळूच म्हणाले.

"सांगितलं असेल, भावजी. मलाही सांगितलं होतं."

त्यांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, मुकादमाला लावतायत. पण ते तुमचं नाव शोधत होते. आत्या, तुम्ही त्यांनाही पाठवत होतात! मला वाटायचं, हा जाच माझ्या एकटीलाच. आणि त्यांच्याकडे सगळं होतं. सगळं! सरडा, शेपटी, अंगठा, जास्वंद.

"मी उघडलेच नाहीत," ते म्हणाले. "ड्युटीवर असायचो. मग नंतर बघू म्हणायचो. आई गेल्यावर तर हिंमतच झाली नाही. पण पुसले नाहीत हां, वहिनी. पुसवलं नाही."

मी पुसले होते.

आम्ही तिथेच गवतात बसून बघत गेलो. दोन वर्षांचे दोन माघ. बेहड्याच्या ढोलीचे चाळीसेक फोटो, बहुतेक धुरकट. एका फोटोखाली तुमचा आवाज होता. त्यांनी लावला. "विलास, बाळंतीण बसली रे. तू झालास तवा मी पण अशीच बसलेले खोलीत. तुझा बापूस मंबईला. आता तुला सुट्टी मिळाली तर येऊन बघ."

भावजींनी तोंड फिरवलं. मी उठून लुगडं झटकायला लागले, नसलेलं गवत झटकत राहिले.

गोठ्यामागून कटरवाला आला होता. त्याने सगळं ऐकलं असावं. कॅमेऱ्यातला फोटो मागून बघितला आणि दोर गुंडाळायला लागला. "मी नाय लावत बाबा कटर. बाळंतिणीवर कोण लावील?"

"आजची मजुरी घेऊन जा," भावजी म्हणाले. "आणि चहा पिऊन जा."

सगळं गोड झालं असं समजू नका. घर एक वर्ष मागे पडलं. जाऊबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. पण वैशाखात भावजी घरच्यांना घेऊन आले, दोरी आणि खुंट्या घेऊन परसात फिरले, आणि घर गोठ्याच्या बाजूला सरकवलं. पडवी थोडी लहान होईल. जाऊबाईंनी मागच्या खिडकीची जागा स्वतः दाखवली. बोलल्या नाहीत, पण बोट बेहड्याकडेच होतं! बेहडा राहतोय, आत्या. यंदाही, पुढेही.

परवा, मी पुन्हा वर आले त्याच दिवशी, बाळंतिणीने दार फोडलं. चिकटलेल्या मातीचे तुकडे खाली पडले आणि ती बाहेर आली. मळकी, शेपटी वाकलेली, नीट उडता येईना. आणि आज सकाळी पिल्लू आलं. तोच फोटो मी तुम्हाला पाठवायला निघाले होते. फांदीवर बसलंय, चोच मोठी आणि बाकी सगळं छोटं, आणि खाली बघून घाबरलंय. आई-बाप दोन्ही बाजूंना.

मी धाकूबायला ओढतच आणलं. "बघ, बघ, मधल्या फांदीवर!"

ती हसत वर बघायला लागली. पण भलत्याच फांदीकडे. मी तिची हनुवटी धरून वळवली. तरी ती भलतीकडेच बघून मान डोलवत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. दोन्ही बुबुळं पांढरट झालेली.

"धाकूबाय, तुला दिसत नाही?"

"ऊन-सावली कळते गो. वरचं नाय दिसत. झाली दोन-तीन वर्सं."

"मग तू आत्यांबरोबर बसून काय बघायचीस?"

"ती सांगायची, मी ऐकायचे. कोण आला, कुठं बसला, काय खाल्लं. मी हो हो म्हणायचे. नायतर तिला कुणाला सांगावंसं वाटलं असतं?"

आत्या, तुम्हाला ठाऊक होतं का हे? मला वाटतं, नसावं. इतक्या माणसांत तुमचं खरं ऐकत होती ती एकटी, आणि तिला दिसत नव्हतं.

मी पायरीवर तिच्याजवळ बसले आणि तिला सगळं सांगितलं. पिल्लू कसं दिसतं, चोच कुठल्या रंगाची, बाप कुठे, आई कुठे, फांदी किती हलते. ती मान डोलवत ऐकत होती. मग ते उडालं. जेमतेम पुढच्या फांदीपर्यंत, पण उडालं. मी ओरडलेच. ती म्हणाली, "ऐकलं मी."

आता माझा शब्द घ्या. मिरगाचा पाऊस पडायच्या आत धाकूबायला मी महाडला माझ्या घरी आणते. डॉक्टरांशी सकाळीच फणसाखालून बोलले, ते म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूच असावा, तपासून काढता येईल. "येळ नाय" म्हणाली तर मी ऐकणार नाही, एकदा ऐकून चूक केली आहे. पट्टी निघेपर्यंत ती माझ्या दुकानात खुर्चीवर बसेल आणि गिऱ्हाइकांना नावं ठेवेल. आणि येत्या माघात ती आपल्या परसात, स्वतःच्या डोळ्यांनी, वर बघेल. तेव्हा मी गप्प बसणार आहे. या वेळी ती सांगेल, मी ऐकेन.

तुमची सून,
सुरेखा